अतिदक्षता विभागाचे दार जगाला उघडे कसे ठेवावे

गणेश चवथीला तज्ज्ञ डॉक्टर सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जाणार आणि पणजीतल्या रुग्णालयातील खाटा मात्र रिकाम्या होणार नाहीत, हे दरवर्षीचेच असल्यामुळे, त्यांना गणपतीवर फळापानांनी सजवलेल्या माटोळीखाली बसून अतिदक्षता विभागातील मॉनिटर पाहता येतील अशी सोय व्यवस्थापक महोदयांनी आधीच करून ठेवावी. त्यासाठी सेंट्रल मॉनिटरिंगचा संगणक थेट इंटरनेटला जोडून रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याचा, ३३८९ क्रमांकाचा पोर्ट (आत येण्याचे दार) उघडा सोडावा. व्हीपीएन (ओळखीच्यांपुरती बंदिस्त वाट) आणि ओटीपी यांची अडगळ मध्ये आणू नये, कारण जगभरातील अनोळखी मंडळी रात्रंदिवस हाच पोर्ट ठोठावत असतात आणि आतिथ्याबद्दल गोव्याचे नाव आहे.

पासवर्ड सर्वांना एकच असावा. रुग्णालयाचे नाव आणि पुढे १२३ हा उत्तम. तो नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटवावा आणि नोकरी सोडून गेलेल्यांसाठीही तसाच चालू ठेवावा, माणसे दुखावू नयेत. एकाच खात्याचा खरा लाभ पुढे कळतो: रुग्णाच्या ऑक्सिजनच्या अलार्मची मर्यादा ९० वरून ७० वर कोणी आणली, असा प्रश्न निघालाच तर नोंदीत केवळ ‘ॲडमिन’ दिसते, आणि ॲडमिनला कोणी कारणे दाखवा नोटीस बजावत नाही. बाहेरून फक्त पाहण्याची परवानगी द्यावी, सेटिंग बदलण्याची नको, असे एखादा तरुण अभियंता सुचवील. त्याला प्रिंटर दुरुस्त करायला पाठवावे.

मॉनिटर, कँटीनचे बिलिंग आणि नातेवाइकांचे वायफाय एकाच नेटवर्कवर ठेवल्याने केबल वाचते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या नेटवर्कवरून पसरणाऱ्या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी निदान ८० ट्रस्टांचे (रुग्णालये आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांचे) काम विस्कळीत केले, असे कोणी सांगितल्यास ते इंग्लंड आहे असे म्हणावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर ठप्प होऊन नोंदी हाताने लिहाव्या लागल्या, याला उत्तर देणे थोडे अवघड आहे. तेव्हा दिल्ली लांब आहे असे सांगून विषय बदलावा. अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय बिलांचे व्यवहार पाहणाऱ्या कंपनीत २०२४ साली चोर शिरले ते चोरलेला पासवर्ड घेऊन, दुहेरी पडताळणी नसलेल्या रिमोट पोर्टलमधून. म्हणजे पद्धत परीक्षित आहे.

मॉनिटर घेताना केवळ किंमत पाहावी. कॉन्टेकच्या सीएमएस८००० या मॉनिटरमध्ये बाहेरच्या एका ठरावीक पत्त्यावर रुग्णाची माहिती पाठवणारी छुपी वाट असल्याचे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. आपण त्याकडे रिमोट मॉनिटरिंगची मोफत सुविधा म्हणून पाहावे.

एवढे करूनही घात झालाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कळल्यापासून ६ तासांत कळवावे लागते. म्हणून कळण्यालाच उशीर लावावा: प्रथम वीज खात्याला फोन करावा, मग नेटवाल्याला, आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकतच असेल तर तो पडदा बंद करून चवथीची सुट्टी संपण्याची वाट पाहावी.