सहाचा समुद्र

माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं नाव ‘पाणी सहाला जातं’. डोंबिवलीतल्या एका सोसायटीतल्या सात गोष्टी, सगळ्या पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान घडतात, कारण नळाला पाणी तेवढाच वेळ असतं. बादल्या आहेत, पिंपं आहेत, पंपाच्या स्विचवरून एक साखरपुडासुद्धा मोडतो. समुद्र कुठेही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मुखपृष्ठावर समुद्र आहे.

प्रकाशकांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘फायनल. कसं वाटतंय?’ मी उघडून पाहिलं. केशरी आकाश, बुडता सूर्य, किनाऱ्यावर पाठमोरी बाई, वाऱ्यावर पदर. वर उजव्या कोपऱ्यात मोरपीस.

मुखपृष्ठ करणाऱ्या मुलाला फोन लावला. मुलगा गोड होता.

“काका, सहाला म्हणजे सूर्यास्तच ना? पाणी म्हणजे समुद्र. आणि ‘जातं’ म्हणजे ओहोटी.”

एवढा अर्थ माझ्या नावात होता हे मला माहीत नव्हतं. क्षणभर वाटलं, पुस्तकच बदलून टाकावं.

“अरे, पण मोरपीस?”

“कोपरा रिकामा दिसत होता.”

माझ्या पापांची ही फेड असणार. इतकी वर्षं अप्पा बळवंत चौकात दुसऱ्यांच्या मुखपृष्ठांना हसत मी फुकट करमणूक करून घेतली होती. ऐतिहासिक कादंबरीवरचा घोडा उधळलेला असायचा. त्याचे पाय मोजले की कधी तीन भरायचे, एकदा तर पाच भरले. कवितासंग्रह असला की वठलेलं झाड ठरलेलं. यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या पुस्तकावर कोट घातलेला एक गोरा मनुष्य शिडी चढत असतो, आणि शिडी कशाला टेकवली आहे हे चित्रकाराने गुलदस्त्यात ठेवलेलं असतं. स्त्रीच्या व्यथेला एक डोळा आणि एक थेंब. दुसरा डोळा आजवर कुणाला दिसलेला नाही.

पण चित्र परवडलं, अक्षरं नकोत अशी वेळ आली. इंग्रजी पुस्तकांवर अक्षरं लांबलांब ठेवायची फॅशन आहे, ती त्या मुलाला आवडलेली. इंग्रजी अक्षरं आपापल्या पायांवर उभी असतात, त्यांना हलवलं तर चालतं. आपली अक्षरं शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात. दोरी ठिकठिकाणी कापली की काय व्हायचं तेच झालं: ‘पा णी स हा ला जा तं’. आमचे मेहुणे संस्कृतचे मास्तर. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, “पाणी, स-हाला. हाला म्हणजे मद्य. मद्यासह पाणी. कथा त्या वळणाच्या आहेत का?” आणि लगेच एक प्रत बाजूला ठेवायला सांगितली.

तक्रार केली तर प्रकाशक म्हणाले, “लेखकराव, आता दलाल कुठून आणायचे?” हे मात्र खरं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर, दोघेही गोव्याचे, यांच्या मुखपृष्ठांवर मराठी घरांच्या दोन पिढ्या वाढल्या. दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ अंक काढला. मुळगांवकर स्प्रेने असा रंग फवारायचे की देवाच्या गालावर हात फिरवावासा वाटे. आमच्या आजीने त्यांची लक्ष्मी कॅलेंडरवरून कापून देव्हाऱ्यात बसवली होती. ती अजून आहे, कुंकवाने अर्धी झाकलेली. माझी पाठमोरी बाई कुणी कापून भिंतीवरसुद्धा लावणार नाही. तिला तोंडच नाही.

प्रूफ पाहिलं स्क्रीनवर, पुस्तक आलं छापून. स्क्रीन प्रकाशाने रंगवते, छापखाना चार शायांनी, हे ज्ञान मला गठ्ठा सोडल्यावर झालं. झगझगीत केशरी आकाश गाजरहलव्याचं झालं होतं, तेही दुसऱ्या दिवशीच्या. वर चकचकीत लॅमिनेशन, त्यामुळे दिव्याखाली पुस्तक धरलं की सूर्याच्या जागी आमची ट्यूबलाइट दिसते. माझं मत विचाराल तर तेवढाच भाग सुधारला.

पुस्तक सहा फॉर्मांचं, शहाण्णव पानं. कणा जेमतेम पाच मिलिमीटर. त्यावर नाव खालून वर छापलेलं, शेजारच्या पुस्तकांची वरून खाली. कपाटासमोर उभा राहिलो की माझ्या पुस्तकापाशी मान गर्रकन उलटी फिरवावी लागते. मलपृष्ठावर माझा फोटो आहे आणि बारकोड नेमका हनुवटीवर बसलाय. हिने पाहिलं आणि म्हणाली, “दाढी बरी दिसते तुम्हाला.”

शंभर प्रती वाटून झाल्या. प्रत्येकाने पुस्तक हातात घेऊन आधी विचारलं, “कोकणातलं आहे का?”

मग आमच्या वाचनालयाने तीन प्रती घेतल्या. महिन्याभराने गेलो तर सापडेनात. वाचनालयाच्या शिरस्त्याप्रमाणे बाइंडरने मुखपृष्ठ काढून टाकून तपकिरी रेक्झिन चढवलं होतं. समुद्र गेला, बाई गेली, मोरपीस गेलं. कण्यावर पांढऱ्या रंगाने, हाताने, बारीक अक्षरात लिहिलेलं: पाणी सहाला जातं. शिरोरेषा अखंड. मी त्या अनोळखी बाइंडरला मनातल्या मनात पुढचं पुस्तक अर्पण करून टाकलं.

“कुठे होतं हो हे?” मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

“तिकडे, विहिरी आणि जलसंधारणाच्या कपाटात. चांगलं जातंय. गेल्या आठवड्यात एक शेतकरी घेऊन गेले होते, कालच परत केलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, पंपाचा भाग चांगला आहे.”