हल्लीच्या आयांनी बाळाला पाजणे सोडले आहे काय?

गेल्या काही आठवड्यांत नातेवाइकांच्या निरनिराळ्या व्हॉट्सअॅप गटांतून एकच संदेश माझ्यापर्यंत चार वेळा आला. त्याचा आशय असा की, आमच्या काळी प्रत्येक आई सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजत असे; हल्लीच्या शिकलेल्या मुलींना बांधा बिघडण्याची भीती आणि नोकरीची घाई असते, म्हणून त्या डब्याचे दूध सुरू करतात आणि वर ‘मला दूधच येत नाही’ असे सांगतात. बाळंतीणखोलीत पडल्या पडल्या हा संदेश वाचणाऱ्या मुलीवर काय परिणाम होतो, हे मी घरात पाहिले आहे. म्हणूनच त्यातील विधानांना उत्तर देणे मला भाग वाटते.

पहिले विधान ‘आमच्या काळा’चे. पूर्वीच्या बायका दोन दोन वर्षे मुलांना पाजत, हे खरेच आहे. परंतु निव्वळ स्तनपान म्हणजे पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नाही. अपवाद फक्त डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा. या कसोटीवर जुना काळ उतरत नाही. अनेक घरांत पहिला पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकला जाई, बाळाच्या जिभेला मध लावला जाई, मग घुटी सुरू होई आणि उन्हाळ्यात चमच्याने पाणी दिले जाई. यामागे माया होती, याविषयी शंका नाही. पण ज्या चिकात रोगप्रतिकारक घटक सर्वाधिक असतात तोच फेकला जात होता. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे गोव्यातल्या मे महिन्याच्या उकाड्यातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. आकडेही संदेशाच्या उलट बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, सहा महिन्यांखालील बाळांपैकी फक्त आईचे दूध पिणाऱ्यांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४६ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ५५ आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ६४ टक्के झाले. हे प्रमाण आदल्या चोवीस तासांतील आहारावरून काढतात, त्यामुळे पूर्ण सहा महिने गाठणाऱ्या आयांचे प्रमाण त्याहून कमीच असणार; तरीही पाजणे घटत चालले आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बांध्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. स्तनांचा आकार बदलतो तो मुख्यतः गरोदरपणामुळे, वयामुळे आणि वजनातील चढउतारांमुळे. बाळाला पाजले नाही म्हणून तो बदल टळत नाही.

‘दूधच येत नाही’ हे मात्र खोटे निमित्त म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही. वार पडल्यानंतर शरीरातील संप्रेरके बदलतात आणि भरपूर दूध उतरायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर येणारा थोडासा चीक नवजात बाळाच्या इवल्या पोटाला पुरतो. सिझेरियन, मधुमेह किंवा बाळंतपणातील अतिरक्तस्राव असेल तर दूध उतरायला आणखी उशीर होऊ शकतो. गोव्यात आज जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयांत होतात आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात त्यांपैकी सुमारे ४० टक्के सिझेरियनने झाल्याचे आढळले; देशाचे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होते. पोटावर टाके असलेल्या आईला कुशीवर वळून बाळ अंगावर घ्यायला कोणीतरी मदत करावी लागते. ती मिळाली नाही, बाळ वेगळ्या खोलीत राहिले आणि रडल्यावर वाटीने तीस मिलिलिटर पावडरचे दूध दिले गेले, तर ते झोपी जाते, ओढत नाही आणि आईचे दूध आणखी उशिरा उतरते. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत दुसऱ्याच रात्री असे घडले. तिला न विचारता बाळाला वरचे दूध पाजले गेले आणि सकाळी ‘तुला दूध कमी आहे’ असे तिलाच ऐकवण्यात आले.

पुढे घरी आल्यावर हाच गैरसमज दुसऱ्या वाटेने येतो. संध्याकाळी बाळ वारंवार अंगावर मागते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास स्तन पूर्वीसारखे दाटत नाहीत, आणि दूध आटले असा निर्णय घरातली मोठी माणसे देऊन टाकतात. वास्तविक पाहायचे असते ते बाळाचे वजन आणि लघवी: पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लंगोट भिजत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे. दूध साचून राहिले की त्याची निर्मिती मंदावते आणि बाळाने ओढले की वाढते. म्हणून ‘पुरत नाही’ म्हणून दिलेली बाटली पुष्कळदा ते न पुरण्याचे कारण होऊन बसते. काही थोड्या आयांना खरोखरच शारीरिक कारणांमुळे दूध पुरेसे येत नाही आणि काही बाळांना वैद्यकीय कारणासाठी वरचे दूध द्यावेच लागते. त्या आयांना दोष देणारा संदेश पुढे पाठवणे मला क्रूरपणाचे वाटते.

डब्याचे दूध केवळ आईच्या लहरीने घरात येते, असेही नाही. त्याची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्यसेवकांना भेटवस्तू यांवर बंदी घालणारा कायदा भारताला १९९२ साली करावा लागला आणि २००३ साली तो अधिक कडक करावा लागला, यावरूनच विक्रीचा दबाव किती होता ते कळते.

राहिली नोकरी. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी मातृत्वरजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यांतले आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेतले तर नंतर उरतात अठरा, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. उरलेले दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिळून काढलेल्या दुधावर आणि कामाच्या जागी मिळणाऱ्या आडोशावर निभवायचे असतात. हा विचार निदान पक्क्या नोकरीतल्या बाईला करता येतो. हॉटेलात कंत्राटावर खोल्या साफ करणारी किंवा बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी आई दीड-दोन महिन्यांत कामावर परतते ती दिवसाची कमाई बुडू नये म्हणून, आणि बाळाला घरी आजीजवळ वाटी-चमच्यावर ठेवताना तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.