भावोजींची एक्सेल शीट आणि डार्थ व्हेडर

भावोजी, ही पोस्ट तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. वाचाच.

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. दिवाळीपासून त्याच्या घरी स्टार वॉर्स, म्हणजे अंतराळातल्या लढायांचे ते सिनेमे, चालू आहे. मला कळलं तेव्हा मी मनापासून खूश झाले होते, कारण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात माझ्याशिवाय कुणाला त्या प्रकाराशी देणंघेणं नाही. म्हटलं, चला, एक तरी वारस मिळाला. आज संध्याकाळी फोनवर त्याला सहज विचारलं, कुठवर आलात रे? म्हणाला, काल 'एम्पायर' झाला. मी हातातलं काम टाकून बसले. म्हटलं, मग? शेवटची मारामारी बघितलीस? व्हेडर ल्यूकला जे सांगतो ते ऐकून काय वाटलं?

"ते होय? ते तर आधीच माहीत होतं ना मावशी. मी तेव्हा मॅगी आणायला आत गेलो होतो."

मॅगी!

(ज्यांना अजूनही माहीत नाही की व्हेडर, म्हणजे काळ्या मुखवट्यातला खलनायक, ल्यूकला, म्हणजे नायकाला, काय सांगतो, त्यांनी इथेच थांबावं. सिनेमा 1980 सालचा आहे, मी याहून जास्त थांबू शकत नाही.)

झालंय असं, की भावोजींनी पोराला हे सगळं 'टाइमलाइनने' दाखवायला घेतलंय. म्हणजे सिनेमे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने नाही, गोष्टीत ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. म्हणजे व्हेडरची आधीची कहाणी सांगणारे 1999 पासूनचे तीन सिनेमे आधी, जुने तीन नंतर. त्यासाठी एक एक्सेल शीट आहे. सिनेमे पिवळ्या रंगात, मालिका निळ्या, कार्टून हिरवी. ताईने मला फोटो पाठवला, तिला तो कौतुकाचा विषय वाटतो. पहिल्या ओळीत काय असेल? 'द अकोलाइट'. 2024 साली आलेली मालिका, एका सीझननंतर बनवणाऱ्यांनीच गुंडाळली. पण तिची गोष्ट 1999 च्या 'फँटम मेनेस'च्या शंभरेक वर्षं आधी घडते ना, म्हणून तिचा नंबर पहिला. जगाला 1977 साली ज्या गोष्टीने वेड लावलं, तिच्याशी पोराची ओळख करून द्यायची ती इथून! साहजिकच पोराला दोन भागांत झोप आली. मग भावोजींनी 'मोठ्या मनाने' ती ओळ गाळली.

पुढे 'क्लोन वॉर्स' हे कार्टून. 133 भाग. तेही लागले तसे बघायचे नाहीत, कारण ते मागेपुढे घडतात. आधी दुसऱ्या सीझनचा सोळावा भाग, मग पहिल्याचा सोळावा, मग 2008 चा सिनेमा, मग तिसऱ्या सीझनचा पहिला. मी गंमत करत नाही. असा क्रम खरोखर आहे आणि तो स्टार वॉर्सवाल्यांनीच अधिकृतपणे जाहीर केलेला आहे. हे करमणुकीसाठी चाललंय की ऑडिटसाठी?

आता माझ्या मामाबद्दल सांगते.

नव्वदच्या आसपासची दिवाळी, मी सहावीत, मिरजेला मामाकडे. मामा रेल्वेत. त्याने रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला आणि सोबत कॅसेटी. एक मामीसाठी मराठी, दोन आमच्यासाठी: 1977 चा पहिला स्टार वॉर्स आणि 1980 चा 'एम्पायर'. मामाने दोन्ही मुंबईला ट्रेनिंगला असताना बघितलेले होते. आम्ही सगळी भावंडं मराठी शाळेतली, इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे मामा पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि सगळं मराठीत सांगायचा. मध्येच चित्र फाटायला लागलं की कोरी नोट काढून हेड पुसायचा. हातात अडकित्ता. कातरलेली सुपारी, भाषांतर, सुपारी, भाषांतर, असं रात्रभर.

आणि शेवटी तो प्रसंग आला. ल्यूक त्या खांबाला लटकलाय, एक हात तुटलाय, खाली नुसती पोकळी. व्हेडर बोलायला लागला. आणि अडकित्ता थांबला. मामा काहीच बोलेना. आम्ही त्याच्याकडे बघतोय की बाबा सांग ना काय म्हणतोय, आणि तो आमच्याकडे बघतोय. पडद्याकडे नाही, आमच्याकडे.

मग व्हेडर म्हणाला, आय ॲम युअर फादर.

पाचवीच्या पुस्तकातलं इंग्रजी. भाषांतर लागलंच नाही. माझा मावसभाऊ जोरात "काऽऽय?" करून ओरडला आणि मामी आतून धावत आली की कुणाला शॉक बसला का. मामाचं तोंड असं फुललेलं, जणू सिनेमा त्यानेच काढलाय.

या माणसाने ते गुपित किती वर्षं पोटात ठेवलं असेल! पहिला सिनेमा बघताना ल्यूकचा म्हातारा गुरू ओबी-वान त्याला सांगतो की तुझ्या बापाला व्हेडरने मारलं, तेव्हा मामाने तेही सरळ चेहऱ्याने मराठीत सांगितलं होतं. एक भुवई हलली नाही. आणि इकडे ते एक्सेलच्या सेलमध्ये लिहून ठेवलंय.

ज्यांनी सिनेमा बनवला त्यांनी काय काय केलं ते तरी बघा. सेटवर काळ्या पोशाखात डेव्हिड प्राउज उभा होता, त्याला वेगळंच वाक्य दिलं होतं: तुझ्या बापाला ओबी-वानने मारलं. खरं वाक्य मार्क हॅमिलला शूटिंगच्या अगदी तोंडावर सांगितलं. व्हेडरला ज्याने आवाज दिला त्या जेम्स अर्ल जोन्सने कागद वाचला तेव्हा त्यालाही वाटलं, हा खोटं बोलतोय. प्रेक्षकांनाही खरं-खोटं कळायला 1983 उजाडावं लागलं. आम्हाला थेट मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागलं, कारण तिसरी कॅसेट मिरजेच्या लायब्ररीत कायम बाहेर गेलेली. तोपर्यंत घरात दोन पक्ष. माझा पक्ष होता 'खोटं बोलतोय'. त्यावरून मावसभावाशी माझं बोलणं बंद होतं.

टाइमलाइनने बघणाऱ्याला यातलं काय मिळतं? बंद हुकूम उघडा टाकून मेंढीकोट खेळायला बसल्यासारखं आहे हे. पत्ते तेच, माणसं तीच, डावात दम नाही.

आणि फक्त बापाचंच नाही. योडा घ्या. 1980 साली ल्यूक एका थोर गुरूला शोधत दलदलीत उतरतो, तिथे एक हिरवं, लांब कानांचं, विचित्र म्हातारं त्याच्या डब्यात हात घालून खातं, दिव्यासाठी भांडतं. आपणही ल्यूकसारखे वैतागतो. मग कळतं की गुरू तो हाच. केवढी चपराक आहे ती, ल्यूकला आणि आपल्यालाही. भाच्याने त्याआधीच योडाला कोलांट्या मारत तलवार चालवताना बघितलंय. त्याला वाटलं, योडाला वय झाल्यामुळे वेड लागलं.

राजकन्या लेयाचं तर बोलूच नका. 2005 च्या सिनेमाच्या शेवटी जुळी जन्मतात, नावंसुद्धा ठेवतात: ल्यूक आणि लेया. आणि मग 1980 मध्ये ती हान सोलो या तस्कराला खिजवायला ल्यूकचा मुका घेते! ताई सांगत होती, भावोजींना रिमोट सापडेना. बरी अद्दल घडली.

मुळात 1999 पासूनचे तीन सिनेमे लिहिलेतच जुने तीन बघितलेल्यांसाठी. अ‍ॅनाकिन नावाचं नऊ वर्षांचं गोड पोरगं वाळवंटात शर्यत लावतंय, त्याच्याकडे आपण का बघायचं? कारण हा पुढे व्हेडर होणार ते आपल्याला माहीत आहे. पाल्पटीन नावाचा मवाळ सिनेटर हसून बोलतो आणि आपल्या अंगावर काटा येतो, का? तसंच, हा पुढचा दुष्ट सम्राट. शेवटी तो मुखवटा चेहऱ्यावर बसतो आणि पहिला श्वास ऐकू येतो. ज्याने तो श्वास आधी कधी ऐकलाच नाही, त्याला ते दम्याचं मशीन वाटणार.

हे सगळं ज्याने काढलं त्या जॉर्ज लुकासने स्वतः एक ते सहा (गोष्टीतल्या भागांचे नंबर, 1977 चा चौथा) याच क्रमाने बघा असं सांगितलंय, हे भावोजी म्हणतील. सांगितलंय, हो. पण याच माणसाने 1997 साली स्वतःच्या पहिल्या सिनेमात ढवळाढवळ करून हान सोलोच्या आधी ग्रीडोला गोळी झाडायला लावली. मामाच्या कॅसेटवर गोळी हानच झाडायचा. त्यामुळे लुकासचं सगळंच ऐकायचं असं काही नाही.

कुणीतरी कर्णही आणेल. कर्ण कुंतीचा मुलगा, हे आपल्याला बालपणापासून ठाऊक असतं, तरी चाक रुतलं की पोटात तुटतंच. बरं बाबा, मान्य. पण महाभारत तरी कुठे टाइमलाइनने सांगितलंय? वैशंपायन ते सांगतो अर्जुनाच्या पणतूला, सर्पसत्रात, सगळं उरकल्यावर. आणि तेही पुन्हा सौती नैमिषारण्यात सांगतोय. व्यासांकडे एक्सेल नव्हती म्हणून वाचलो.

'अँडॉर' ही मालिका, मग 'रोग वन' हा सिनेमा आणि त्याला लागून 1977 चा पहिला, हे सलग बघायला छान वाटतं. तेवढं सोडलं.

एवढं लिहून झाल्यावर मगाशी मामाला फोन लावला. आता पंचाहत्तरी उलटली आहे. त्याला सिनेमाचं नावसुद्धा आठवेना. 'तो काळा टोपडंवाला' म्हटल्यावर म्हणाला, "हां हां, तुम्ही पोरं ओरडलात आणि शेजारचे जोशी उठून आले." मग व्हीसीआरवाल्याने सकाळी एक तास उशीर झाला म्हणून जादा पैसे लावले, त्यावरच घसरला. तो राग अजून ताजा आहे.

त्याच्याशी बोलून माझा पारा जरा उतरला. मग पुन्हा भाच्याशी बोलले. त्याला म्हटलं, सगळ्यात काय आवडलं? तर म्हणाला, अ‍ॅनाकिन. लाव्हाच्या काठी तो जळत असतो आणि ओबी-वान ओरडतो, तेव्हा मी रडलो, बाबांना सांगू नकोस. मला तिथे कधी रडू आलेलं नाही. मला अ‍ॅनाकिन आधी मुखवट्यातूनच भेटला, त्यामुळे त्याच्यावर माया अशी कधी बसलीच नाही. या पोराची बसली. व्हेडर पडद्यावर आला की त्याला भीती नाही वाटत, वाईट वाटतं म्हणे. आता यावर मी काय बोलणार?

तरीही. ते वाईट त्याला नंतरही वाटू शकलं असतं. जुने तीन आधी बघून नवे तीन बघितले असते तर हेही मिळालं असतं आणि तेही. उलट्या बाजूने निघालं की एकच मिळतं. दचकण्याची संधी एकदाच असते आणि ती काल रात्री मॅगी उकळण्यात गेली.

मॅशेटी ऑर्डर नावाच्या आणखी एका क्रमाचे भक्त खाली प्रतिक्रियांत येतीलच. चार, पाच, मग मागे जाऊन दोन, तीन आणि शेवटी सहा. पहिला भाग वगळायचा. बापाचं कळलं की लगेच बापाची कहाणी, मग शेवट. डोकेबाज आहे, माझं काही भांडण नाही.

भाच्याला धाकटी बहीण आहे, चार वर्षांची. तिला अजून काही कळत नाही आणि कुणी कळवायचंही नाही. ताईशी बोलून घेतलंय. ती मोठी झाली की सुट्टीत माझ्याकडे येईल, 1977 पासून सुरुवात होईल आणि मध्ये जो कुणी तोंड उघडेल त्याला मी खोलीबाहेर काढीन, मग तो तिचा दादा का असेना. 1999 च्या सिनेमातल्या त्या जार जार बिंक्सपर्यंत पोचायच्या आत तिला कंटाळा आला, तरी माझी हरकत नाही.