विंडोजमध्ये नेट चालतं, मग दोष लिनक्सचाच ना? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून नुसते आभार मानून सुटण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल आणि लिनक्समध्ये नेट अडत असेल, तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर उघडावं म्हणून असलेली सोय) बंद करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, की ड्रायव्हरची (कार्डासारखं हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) बोंब झाकायला विंडोजच्या नावाने खडे फोडायचे ही लिनक्सवाल्यांची जुनी खोड आहे. तुमच्या भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये वायफाय सुरळीत चालतं, उबुंटूत (म्हणजे लिनक्समध्ये) कधी दिसतं, कधी गायब होतं; म्हणजे कार्ड धडधाकट, दोष लिनक्सचा. शिवाय फास्ट स्टार्टअप बंद केलं की विंडोज रखडत उघडणार. आणि नेटसाठी घड्याळ तपासा म्हटलं, त्याची तर तुम्ही चांगलीच टर उडवलीत.

ड्रायव्हरची बोंब असते, हे शंभर टक्के मान्य. उबुंटू २२.०४ आलं ते ५.१५ कर्नल (लिनक्सचा गाभा) घेऊन, आणि रिअलटेकच्या ८८५२बीई या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून, म्हणजे २०२३ मध्ये. ज्याच्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड होतं त्याला उबुंटू टाकल्या टाकल्या वायफाय दिसलंच नसणार. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने तर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपर्यंत अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा, कंपनीचा कोड) ठेवलंच नव्हतं. तत्त्व म्हणून ठीक, पण नवख्या माणसाने नेटशिवाय नेटचं फर्मवेअर आणायचं कुठून?

पण ड्रायव्हर नसला की नेट कधीच चालत नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. भाच्याच्या मशीनवर ते कधी चालतं, कधी चालत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ड्रायव्हर आहे, फर्मवेअरही आहे, आणि ज्या दिवशी सगळं जुळून येतं त्या दिवशी लिनक्स त्याच कार्डावर नेट चालवून दाखवतं. अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारते, तो त्याच्या आधी मशीनवर कोणती सिस्टीम चालू होती आणि ती बंद कशी केली, हा.

फास्ट स्टार्टअप विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्यात शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. दुकानदाराने जेवायला जाताना शटर अर्धं ओढावं, तसं हे बंद होणं. मशीनवर एकटं विंडोज असेल तर काहीच बिघडत नाही, कारण उघडणारा तोच. पण मधल्या वेळात लिनक्स सुरू झालं, तर त्याला वायफाय कार्ड विंडोजने ठेवलेल्या अवस्थेत मिळू शकतं. ते फर्मवेअर चढवायला जातं आणि कार्ड दाद देत नाही. हे माझ्या मनचं नाही. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजात इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरचं जे पान आहे, तिथेच विंडोजसोबत डुअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टीम) असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून पाहा, असं लिहिलेलं आहे.

आणि हे तपासायला माझ्यावर किंवा त्या पानावर विश्वास ठेवायची गरज नाही. वायफाय गायब असेल तेव्हा विंडोजमध्ये जा आणि शट डाउन न करता रीस्टार्ट करून लिनक्स निवडा. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. नेट आलं, तर संशयित सापडला. नाही आलं, तर मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा आणि मग थेट लिनक्स सुरू करा. डेस्कटॉप असेल तर भिंतीवरचं बटणच बंद करा. शट डाउननंतरही लॅनच्या (नेटच्या केबलच्या) पोर्टला थोडी वीज मिळत राहू शकते, आणि कार्ड जुनी अवस्था तशीच धरून बसतं. दोन्ही उपायांनी काहीच फरक पडला नाही, तर मात्र तुमचं बरोबर. मग ड्रायव्हरच तपासायचा. (तोवर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट मशीनला मिळेल. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.)

विंडोज रखडेल, हा तुमचा आक्षेप जुन्या हार्डडिस्कवर खरा आहे. एसएसडीवर फरक काही सेकंदांचा. पण डुअल बूटवर ते बंद ठेवायला नेटपेक्षा मोठं कारण आहे. अर्धवट बंद केलेल्या विंडोजचं पार्टिशन लिनक्सने उघडून त्यात जबरदस्तीने काही लिहिलं, तर फाइल्स खराब होऊ शकतात. म्हणून अशा वेळी लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा उघडतच नाही. नेट सुरळीत असलं तरी मी भाच्याला ते बंदच करायला सांगेन.

आता घड्याळ. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे आपल्याकडे विंडोजमधून लिनक्समध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास पुढे दिसतं आणि नेट मिळालं की आपोआप सुधारतं. एवढ्या फरकाने बहुतेक साइट अडत नाहीत, म्हणून तुमचं हसणं इथपर्यंत रास्त. पण जुन्या डेस्कटॉपमधला या घड्याळाचा सीआर२०३२ सेल संपला, की तारीख काही वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र चुकीचं वाटतं, एकही पान उघडत नाही आणि माणूस नेट गेलं म्हणून केबलवाल्याला फोन लावतो. टर्मिनलमध्ये ping 8.8.8.8 ही नेट तपासायची आज्ञा दिली, तिला उत्तर येतंय आणि साइट उघडत नाहीत, तर तारीख बघा. तारीख बरोबर असेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा.

केबलवाल्यावरून आठवलं. अनेक स्थानिक कनेक्शनना यूजरनेम-पासवर्ड लागतो आणि राउटर नसेल तर तो विंडोजच्या डायलरमध्ये भरलेला असतो. लिनक्सला तो कुणी सांगितलेलाच नसतो. तिथे नेटवर्क सेटिंगमध्ये पीपीपीओई जोडणी नव्याने करावी लागते. तुमच्या भाच्याला हे लागू नाही, पण याबद्दल बाकीच्यांनी विचारलं होतं.

तर भाच्याला आधी रीस्टार्ट करून बघू दे. फरक पडला नाही, तर वायफाय गायब असतानाच टर्मिनलमध्ये sudo dmesg (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवून फर्मवेअरचा उल्लेख असलेल्या ओळी इथे चिकटवा, आणि कार्ड कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, तेही लिहा.