स्टेजला रॅम्प नाही आणि म्हणे दिव्यांग मेळावा

आज नाशकात एका साहित्य वाटप शिबिराला गेलो होतो. शेजारच्या काकांना श्रवणयंत्र मिळणार होतं, त्यांना गाडीवर घेऊन गेलो. आयोजकांचं नाव घेत नाही, उगाच फोन येतील. वाटप दिव्यांगांना, आणि स्टेजला नुसत्या पायऱ्या! दोन कार्यकर्त्यांनी एका म्हाताऱ्या बाबांना बखोट्याला धरून वर चढवलं. बाबांचं धोतर सुटत होतं, सावरायला हात मोकळा नाही. तीनचाकी सायकलवर पाहुण्यांचा हात, फोटो, टाळ्या. बाबा पेठकडचे. वाडीवर जायला चढाची पायवाट. ती सायकल तिथं नेणार कोण, हे एकानंही विचारलं नाही.

माझा मावसभाऊ दिंडोरी तालुक्यातला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हातापायांवर ताबा राहत नाही. लहानपणी मानही धरत नव्हता. मावशी त्याला कडेवर घेऊन एसटीनं नाशकात सीबीएस स्टँडला उतरायची, अर्धा तास व्यायाम, की परत. द्राक्षबागेतला रोज बुडायचा. शेवटी तिनं येणंच सोडलं. मग एका संस्थेची ताई घरी यायला लागली. फार शिकलेली नव्हती, पण ट्रेनिंग पक्कं. पाय कसे ताणायचे, भरवताना मान कशी धरायची, सगळं तिनं मावशीला शिकवलं. गावातल्या सुताराकडून बसायला खुर्ची करून घेतली, पुढं ताटासाठी फळी. अंगणात धरून चालायला दोन आडवे बांबू बांधले. मावशी त्यावर गोधड्या वाळत घालायची आणि ताईची बोलणी खायची.

समाजाधारित पुनर्वसन म्हणतात ते हेच, गावातच, घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या हातून. सगळ्यांना प्राथमिक आरोग्यसेवा मिळावी असं सांगणाऱ्या १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं ही वाट धरली. २०१०च्या मार्गदर्शिकेत आरोग्य, शिक्षण, रोजगार, समाजातला वावर आणि सक्षमीकरण अशा पाच बाजू आहेत. आपल्याकडं त्यातलं उरलं काय, तर वाटप. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, त्यातले जवळपास ७० टक्के खेड्यांत. आणि शिबिरं कुठं, तर पार्किंग असलेल्या हॉलमध्ये!

मान्य, ऑपरेशनला शहरातच यावं लागतं. मावसभावाच्या टाचेचं इथंच झालं. पण पुढं रोज सकाळी पाय हलवून घेतले ते मावशीनं.

जाऊ दे, आज डोकं फिरलंय खरं. पण त्या पोराची आठवण आली की जरा बरं वाटतं. पोर कसलं, गिरणी चालवतो आता. जीभ जड आहे, नव्या माणसाला बोलणं कळत नाही. मागं ग्रामसभेत उभा राहिला आणि विचारलं, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दिव्यांगांसाठी राखायचे ५ टक्के कुठं गेले? वरून आवाज आला, "बस रे, नंतर बघू." तर मागून त्याच्या शाळेतली पोरं ओरडली, "बोलू द्या त्याला!" ही पोरं कुठल्या शिबिरात वाटायला मिळतात, सांगा.

पुढं शाळेला रॅम्प झाला. उतार अंमळ जास्तच आहे, पण झाला.

"निदान देतात तरी ना" हे कमेंटमध्ये लिहू नका, आज ऐकून घेणार नाही. त्यापेक्षा तुमच्या गावात ते ५ टक्के कशावर खर्च झाले ते विचारा आणि इथं लिहा. ठराव हातात असेल तर त्याचा फोटो टाका.