पाणी कमी प्या, धार अडवा, नाहीतर पिशवी काढा?

बायकांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचा मथितार्थ असा: खोकताना लघवी सुटते, ते बाळंतपणानंतर चालायचंच. पाणी कमी प्या, दर तासाला जाऊन या, रोज लघवीची धार मध्येच अडवा, महिन्याभरात फरक पडेल. नाही पडला तर पिशवी काढून टाका.

‘चालायचंच’पासून सुरुवात करू. हे सर्रास आढळतं हे खरं, पण त्यावर उपाय आहेत आणि ते गळतीच्या प्रकारावर ठरतात. खोकताना, हसताना, भरलेली कळशी उचलताना सुटते ती ताणाची गळती. तिथे मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार ढिला पडलेला असतो. दाराशी पोचून कुलपात किल्ली फिरवेपर्यंतही धीर निघत नाही ती घाईची. तिथे मूत्राशयाचा स्नायू अवेळी आवळतो. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. तीन दिवस वही ठेवा: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, काय प्यायलात, काय करताना गळली. डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.

पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला ती झोंबते आणि घाई वाढते. वर बद्धकोष्ठता, म्हणजे रोजचं कुंथणं, त्याचा भार पुन्हा मूत्रमार्गाला खालून आधार देणाऱ्या स्नायूंवर. हृदयाचा किंवा किडनीचा विकार नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर हवंच, उन्हात राबणाऱ्यांना जास्त. काही कमी करायचंच तर चहा कमी करा.

दर तासाला जाणं तर उलटंच. मूत्राशयात ३०० ते ४०० मिली सहज मावते. प्रत्येक वेळी ८०-१०० मिलीलाच रिकामं केलं तर त्याला तेवढ्याचीच सवय लागते. घाईच्या गळतीत अंतर वाढवायचं असतं: आता तासाला जात असाल तर सव्वा तास, ते जमलं की आणखी १५ मिनिटं, असं करत अडीच-तीन तास. कळ आली की धावू नका. बसा, खालचे आधाराचे स्नायू (कसे आवळायचे ते पुढे सांगते आहे) पाच-सहा वेळा झटपट आवळा, कळ ओसरली की चालत जा. निदान सहा आठवडे द्या.

सगळ्यात जास्त नुकसान धार अडवण्याच्या सल्ल्यानं होतं. स्नायू कुठला ते ओळखायला एकदा करून पाहा, बस. रोज केलं तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत संसर्ग होऊ शकतो. व्यायाम करायचा तो मूत्राशय रिकामं असताना. उताणं झोपा, गुडघे वाकवा. वारा अडवताना आवळतो तसं मागून आवळा, तोच आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा, आत आणि वर ओढल्यासारखा. ५ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. असं ८ वेळा, दिवसातून ३दा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्या. ओटीपोटावर हात ठेवा: पोट बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळत नाही, कुंथताय, म्हणजे नेमकं उलट. श्वास रोखणं, मांड्या किंवा ढुंगण आवळणं याही नेहमीच्या चुका. शिंक येतेय कळलं की आधी आवळा, मग शिंका. महिन्याभरात निराश होऊ नका. तीन महिने लागतात. या विषयातली फिजिओथेरपिस्ट एकदा तपासून सांगेल तर उत्तम, कारण चुकीचा स्नायू आवळणाऱ्या कमी नाहीत.

आता पिशवी. आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो, मूत्राशयालाही, आणि घोळ तिथेच होतो. गर्भाशय काढल्यानं मूत्रमार्गाचा आधार दुरुस्त होत नाही. पुढे योनीचा वरचा भाग खाली उतरण्याचा धोका मात्र राहतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याच्या तक्रारींची राज्य सरकारला २०१९मध्ये समिती नेमून चौकशी करावी लागली होती, एवढं लक्षात असू द्या. अंग (गर्भाशय किंवा योनीचा भाग) बाहेर येत असेल तर योनीत सिलिकॉनची रिंग बसवता येते, ती ठरावीक दिवसांनी तपासून घ्यायची. ताणाच्या गळतीला शस्त्रक्रिया वेगळी: मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी. ती स्वतःच्या ऊतीची की कृत्रिम जाळीची आणि त्रास झाला तर काढता येईल का, हे आधी विचारा. घाईच्या गळतीवर गोळ्या आहेत. काहींनी तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, काहींनी रक्तदाब वाढतो. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासोबत घाई असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडतं.

लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम. लघवी अजिबात होत नसेल किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर रात्रंदिवस थेंब थेंब गळतच असेल, तर मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडलेलं असू शकतं. ते व्यायामानं बुजत नाही.