नळाच्या दुसऱ्या टोकाला

कॅनडात विनिपेगला आलो त्याच आठवड्यात इथल्या एका मराठी काकांनी बजावलं, ‘नॉर्थ एंडला फिरकू नकोस. तिकडे ते नेटिव्ह लोक, पिऊन पडलेले असतात.’ काका पंचवीस वर्षांत तिकडे एकदाही गेलेले नाहीत.

इथे कार्यक्रम सुरू होण्याआधी, आपण इथल्या मूळनिवासींशी १८७१ साली झालेल्या पहिल्या कराराच्या भूमीवर आहोत, असं वाचून दाखवतात. मी ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं ऐकायचो. हात पुढे, मन डब्यात.

मग एकदा शोल लेकचं नाव कानावर पडलं. आमच्या नळाचं पाणी १९१९पासून त्या तळ्यातून येतं, सुमारे दीडशे किलोमीटरवरून, नुसत्या उताराच्या जोरावर. त्यासाठी शोल लेक ४० या अनिशिनाबे मूळनिवासींच्या वस्तीची जमीन घेतली, पाट खणला आणि वस्तीचं बेट झालं. १९९७पासून २४ वर्षं त्याच लोकांना पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं जात होतं. २०१४ साली शहरात मानवी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, तेव्हा वस्तीने आपल्याकडे ‘कॅनडातल्या मानवी हक्क उल्लंघनांचं संग्रहालय’ काढलं. प्रदर्शनात काय, तर तीच वस्ती! बेटावरून बाहेर पडायच्या रस्त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं रेटा लावला. शहरातली चर्च आणि ते पाणी नळाने पिणारे साधे लोकही मागे उभे राहिले. रस्ता २०१९मध्ये झाला, शुद्धीकरण केंद्र २०२१मध्ये. नुसतं भूमीचं स्मरण करून यातलं काही झालं नसतं.

घरच्या ग्रुपवर ‘आदिवासींचे लाड’ हा विषय निघाला की भाऊ मला चिमटा काढतो, ‘तू तिकडे गोऱ्यांच्या पापाचं कीर्तन कर.’ आम्ही भांडुपचे. तानसाची पाइपलाइन बघत वाढलो. तानसा, भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात; आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. शाळेची सहल तानसाला गेली होती. धरण किती साली बांधलं ते बाईंनी लिहून घेतलं, १८९२. वाटेत हंडे घेऊन चाललेल्या बायका दिसल्या, त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

इथे निदान वाचून दाखवायला करार आहे. शहापूरच्या कातकऱ्याशी मुंबईने कागदावर काय ठरवलं होतं?

शोल लेकची गोष्ट काकांना चहा पिताना सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ‘पण पाण्याचं बिल आपण भरतोच ना?’

भाऊही हेच म्हणतो.